मुठीचा तांदूळ

"आजी, तुमची पिशवी मी आधीच ऑटोत ठेवायला सांगितलीय," रम्या म्हणाली. "तुम्हाला उचलायला नको म्हणून."

सकवारबाईंचा मापाचा हात पिंपावरच थांबला.

"कुठली पिशवी?"

"तुमच्या घरची. मुठीच्या तांदळाची."

चर्चमागच्या त्या खोलीत पाच-सहा बायका सतरंजीवर बसून पिशव्यांची तोंडं बांधत होत्या. त्यांची गडबड एकदम थांबली. जिच्या-तिच्या हातातली गाठ फार अवघड होऊन बसली.

नाताळ आठवड्यावर आला होता. इमारत कन्नड मंडळींची. मराठी मंडळींना ती रविवारी दुपारी मिळायची. जिन्याखालची ही खोली मात्र कायमची त्यांची, आणि खोलीतलं तांदळाचं पिंप सकवारबाईंचं. म्हणजे पिंप चर्चचंच, पण त्याची चावी बाईंच्या कमरेला. मराठी घरातल्या बाईने भाताला तांदूळ मापून घेतला की त्यातली एक मूठ प्रभूची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची, डबा भरला की चर्चमधल्या पिंपात ओतायचा, आणि नाताळाच्या आधी पिंपातला तांदूळ नडलेल्या घरांना वाटायचा. सकवारबाई मिरजेहून लग्न होऊन बंगळूरला आल्या तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेबरोबर ही रीत घेऊन आल्या होत्या. शाळेत त्या जेमतेम अक्षरं जुळवण्यापुरत्या गेल्या. पण माणसं जुळवायला आणि जुळलेली धाकात ठेवायला त्यांना कधी पुस्तक लागलं नाही.

"माझ्या घरची पिशवी हितनं बाहेर जाते," त्या म्हणाल्या. "आत येत न्हाई. तू नवी हायस, म्हणून सांगते."

रम्या खरोखरच नवी होती. पुण्याची पोर, हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला, आणि उत्साहाच्या भरात यंदा भगिनी मंडळाची सेक्रेटरी झालेली.

"आजी, यात लाजण्यासारखं काहीच नाहीये. आपण सगळे एक फॅमिली आहोत ना? उद्या रविवारच्या वाटपात नको म्हणून तर ती आजच घरी पाठवतोय. आणि तुमचा फोटो आम्ही ग्रुपवर टाकणार नाही, डोन्ट वरी."

"कसला फोटो?" सकवारबाईंनी माप पिंपात आपटलं. "माझ्या घरात तांदूळ न्हाई असं तुला सपान पडलं व्हय गं? का माझ्या चुलीत डोकावून आलीस?"

"नाही हो... गुरुवारच्या घरसभेत विनंती आली होती. तुमच्या विलासदादांच्या जॉबसाठी. म्हणून मग आम्हीच ठरवलं..."

"विनंती कुणी केली?"

रम्याने इतर बायकांकडे पाहिलं. इतर बायकांनी गाठींकडे पाहिलं.

"तुमच्या घरूनच," ती हळूच म्हणाली.

घरसभा म्हणजे दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी जमून करायची प्रार्थना. गाणी झाली, बायबलमधलं वचन झालं, की ज्याचं जे दुखत असेल ते त्याने उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी डोळे मिटायचे. सकवारबाई तिकडे फारशा फिरकत नसत. तिथे सांगितलेली गोष्ट देवाच्या कानी जायच्या आधी दहा घरच्या चहाबरोबर पिऊन होते, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांनाही तोंडावर ऐकवलं होतं.

तुमच्या घरूनच. म्हणजे सून, चंदना. दुसरं कोण?

त्या उठल्या. पिंपाला कुलूप लावलं. अजून अर्ध्या पिशव्या भरायच्या होत्या, पण "अक्का, थोडं थांबा की" म्हणायची एकीचीही छाती झाली नाही.

फाटकाशी परसूचा ऑटो उभा होता. परसू चिकपेटच्या जुन्या मराठी घरातला. देव वेगळा असला तरी नाताळाचा केक आणि सकवारबाईंच्या शिव्या त्याने वर्षानुवर्षं खाल्ल्या होत्या.

"बसा अक्का, तुमच्याच घराकडं निघालोय. स्वल्प पाय वर घ्या, खाली पिशवी हाय."

"उतरव ती."

"अय्यो, त्या पुण्याच्या मॅडमनी सांगितलंय की..."

"तुझ्या गाडीत मी बसू का ती पिशवी बसवतोस, तेवढं बोल."

"सरी अक्का, सरी!" परसूने पिशवी उचलली आणि पळत आत ठेवून आला. मग घर येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. सिग्नलला मागचा मोटरवाला उगाच भोंगा वाजवत होता, त्यालाही तो आज उलटून बोलला नाही. मागे बसलेल्या बाईचा श्वास त्याला ऐकू येत होता.

चंदना दारातच मेथी निवडत बसली होती. ती धारवाडकडची. तिचं माहेर कन्नड, मराठी ती लग्नानंतर शिकली, आणि सासूला कन्नड रीतीने अत्ते म्हणायची. सकवारबाई पायातली चप्पल न काढताच तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"देवाला सांगायला माईक लागतो काय गं?"

"काय झालं अत्ते?"

"गुरुवारी कुणाच्या घरी जाऊन गळा काढलास?"

चंदनाने आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"प्रार्थना मागितली," ती म्हणाली. "चोरी नाही केली."

"चोरी परवडली. चोराला निदान तोंड लपवावंसं वाटतं. घरातलं घरात ठेवायचं, असं मी तुला सांगितलं होतं का न्हाई?"

"ठेवलं होतं की. विलासचा कारखाना बंद पडला तेव्हापासून घरातच ठेवलंय. घरात ठेवून काय झालं त्याचं? भाकरी झाली?"

"जीभ बघा!" सकवारबाई भिंतीला म्हणाल्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि रात्रीबेरात्री दार वाजलं तरी कुणाला औषधाशिवाय परत पाठवायचा नाही. "ह्या घरानं आजवर दिलंय. देणाऱ्याचा हात वर ऱ्हातो. मी ह्याच्यासाठी जन्म काढला, आणि तू गुरुवारच्या एका रडण्यात तो खाली आणलास. त्या कालच्या पोरीनं मला सांगावं, लाजू नका म्हणून! माझ्या घरातनं अजून प्रभूची मूठ जाते. ज्या घरातनं मूठ जाते त्या घरात मूठ येत न्हाई. थांब, दाखवतेच."

त्या तशाच चपलेसकट स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा मुठीचा डबा खाली ओढला. डबा भरलेला असणार या हिशोबाने त्यांनी हाताला जोर दिला होता. तो रिकाम्या पत्र्यासारखा वर आला आणि त्यांचा तोल गेला. चंदनाने मागून धरलं. त्यांनी तिचा हात झटकला.

डब्यात चार दाणे होते.

"तांदूळ कुठं गेला?"

"पातेल्यात."

"कुणी घातला?"

"मी. तुम्ही मूठ काढून पाठ वळवली की मी ती परत ओतायचे."

सकवारबाईंनी डबा ओट्यावर आपटला.

"प्रभूच्या तोंडातला घास काढलास तू!"

"प्रभूला उपास जमतो अत्ते. चाळीस दिवस केला त्याने. तुमच्या लेकाला नाही जमत." चंदनाचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते आणि तिला त्याचाच राग आला होता. "तीन माणसांच्या भातातली एक मूठ गेली की तिसऱ्या माणसाचं ताट अर्धं होतं. तुम्हाला ते कधी दिसलं नाही, कारण तुम्हाला आम्ही आधी वाढतो."

"म्हणजे मी तुमचं खाल्लं म्हण की!"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंस. पुरतं म्हटलंस. धारवाडला बोलायला शिकवतात, गिळायला न्हाई शिकवत."

आतल्या खोलीचं दार उघडलं. विलास बाहेर आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. सकाळपासून आत पडून होता, हे त्याच्या गालावरच्या उशीच्या वळावरून दिसत होतं.

"तिला बोलू नको आई. गुरुवारी ती नाही बोलली. मी बोललो."

"तू गप बस. बायकोला पाठीशी घालायला आलाय."

"पाठीशी ती घालतेय मला. ती तर माझा शर्ट धरून मला खाली बसवत होती."

सकवारबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून मेथीकडे निघून गेली.

"तू उठलास? एवढ्या माणसांत?"

"हो."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा. हाताला काम नाही, आणि आईसमोर ताटावर बसायची मला लाज वाटते."

"एवढंच?"

"मग रडलो."

बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती. माणूस मारतच राहिला.

"बरं झालं," सकवारबाई म्हणाल्या, "तुझा बाप हे बघायला न्हाई."

विलासने फोटोकडे न बघताच उत्तर दिलं. "बाबा असते तर माझ्या शेजारी उभे राहिले असते."

त्यावर सकवारबाईंकडे उत्तर असणारच होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं, आणि ते आत जाऊन सुरीसारखं आडवं राहिलं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. "भूक न्हाई" म्हणाल्या, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेही त्यांनी मनात टिपून ठेवलं. रोज निजताना त्या मोठ्याने प्रार्थना करत; शेजारपाजारच्या आजाऱ्यांपासून दिल्लीच्या राज्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना त्या देवाकडे नेऊन उभं करत. आज एक शब्द निघाला नाही. भांडण झालेली शेजारीण नळावर जशी पाठ करून उभी राहते, तशा त्या देवाकडे पाठ करून झोपल्या.

रविवारी चर्चला जायचं नाही असं त्यांनी सकाळी ठरवलं. मग दात घासताना वाटलं, नाही गेलो तर लोक म्हणतील, लाजली. मग ठेवणीतलं जरीकाठाचं पांढरं लुगडं काढलं, त्याची घडी दोनदा मोडली, आणि सगळ्यांच्या आधी चर्चला पोचून राहिलेल्या पिशव्या भरून टाकल्या.

वाटपाची पद्धत अशी होती. उपदेश झाला की पाळकसाहेब नावं घेत. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं, वेदीसमोरच्या सतरंजीवर गुडघे टेकायचे. टेबलामागून सकवारबाई पिशवी त्याच्या हातात देणार, आणि सगळ्यांना मिळून झालं की घेणाऱ्यांपैकी एकाने देणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. मिरजेच्या मिशन कंपाउंडात मडमेच्या हातून तांदूळ असाच गुडघ्यावर बसून घेत, म्हणून इथेही तसाच. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. टेबलामागे उभं राहिलं की वावगं असं काही दिसतच नाही.

त्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. रम्याने त्यांच्याकडे बघून घाबरत हसण्याचा प्रयत्न केला.

"हस. दात चांगले हायत तुझे," सकवारबाई म्हणाल्या. "पण तो फोन पर्समध्ये ठेव. आज कुणाचाच फोटो न्हाई."

पाळकसाहेब तरुण होते, आणि सकवारबाईंना घाबरून असत. आदल्या संध्याकाळी त्यांच्या कानावर सगळं गेलं असावं. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव नेहमीप्रमाणे अंबुबाईचं. चार घरची धुणीभांडी करणारी म्हातारी, नवरा तरुणपणीच गेलेला, मुलगा असून नसल्यासारखा. ती बाकाला धरत पुढे आली, एक हात जमिनीला टेकून खाली झाली. मग आणखी एक नाव. मग आणखी एक. माणसं येत होती, रांगेत गुडघे टेकत होती. पाळकसाहेबांनी शेवटचं नाव घेतलं आणि कागद मिटला.

विलासचं नाव आलं नाही.

सकवारबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवाने ऐकलं, असं म्हणायला त्या जवळजवळ तयार झाल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी उठलं. बाक कुरकुरला. विलास मधल्या वाटेने पुढे येत होता. इस्त्रीचा निळा शर्ट, भांग पाडलेला, हात बाजूला सोडलेले. पाळकसाहेबांनी डोळ्यांनीच त्याला "असू द्या" असं खुणावलं. त्याने ते पाहिलं आणि तरी आला. अंबुबाईच्या शेजारी जागा होती. तिथे त्याने आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

त्याने रागाने पाहिलं असतं तर सकवारबाईंना सोपं गेलं असतं. राग त्यांना कळतो. तो नुसता बघत होता, लहानपणी ताप आला की बघायचा तसा.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

विलासने हात पुढे केला.

"आई, दे."

"ऊठ म्हणते ना! गुडघे देवापुढं टेकायचे. तांदळापुढं न्हाई. माझ्या पोटचा पोर तांदळापुढं गुडघे टेकणार न्हाई. ऊठ आधी!"

विलास हळूहळू उठला. रम्याचा हात तोंडावर गेला होता. पाळकसाहेब पुढे झाले आणि तिथेच थांबले.

आणि खालून, सतरंजीवरून, आवाज आला.

"आणि आमी वो अक्का?"

अंबुबाई मान तिरकी करून वर बघत होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. भांडी घासताना वर बघून "आणि हे पातेलं कुठं ठेवू" असं विचारावं, तितक्या साध्या सुरात तिने विचारलं होतं.

"आमी असंच बसून ऱ्हायचं का?"

सकवारबाईंना या जन्मात कुणी निरुत्तर केलं नव्हतं. नवऱ्याने नाही, पाळकांनी नाही, दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरनेही नाही. त्यांनी तोंड उघडलं. कान तापले. अंबूला एवढं बोलायची हिंमत झाली कशी, असा पहिला विचार आला, आणि तो येताक्षणी त्यांना स्वतःचाच असा संताप आला की टेबलाची कड दोन्ही हातांनी धरावी लागली.

मग त्या टेबलाला वळसा घालून पुढे आल्या. वाकल्या. अंबुबाईच्या काखेत हात घातला.

"चल. ऊठ तूही."

"उठवत न्हाई आता पटकन. जरा जोर लावा."

त्यांनी जोर लावला. दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून, कण्हत, कशाबशा सरळ झाल्या. अंबुबाईच्या गुडघ्यातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, आणि तो पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेला. मग बाकीचे घेणारेही एकेक करून उठले. आपण चुकलो की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"पिशव्या तू दे," सकवारबाई रम्याला म्हणाल्या. त्या टेबलामागे परत गेल्या नाहीत. विलास आणि अंबुबाईच्या मधे उभ्या राहिल्या. रम्याने एकेकाला पिशवी दिली. विलासची पिशवी आली तेव्हा त्याच्या आधी सकवारबाईंनी हात पुढे केले. दोन्ही. तळवे वर. पिशवी जड होती, आणि त्यांना ते ठाऊक होतं, कारण मापं त्यांनीच घातली होती.

आता प्रार्थना. ती दर वर्षी अंबुबाई करायची. तीच ती चार वाक्यं, देणाऱ्यांचे हात भरलेले राहोत म्हणून. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"आज तुमी करा अक्का," अंबुबाई म्हणाली. "आज तुमची पाळी."

सकवारबाईंनी डोळे मिटले. कुणीतरी पाय हलवला.

"देवा, मी सकवार," त्यांनी सुरुवात केली. "आज मला तुझ्याशी गोड बोलायला जमायचं न्हाई. इतकी वर्षं मूठ काढली. बदल्यात काय मागितलं? माझं घर आपल्या हातानं खाऊ दे, एवढंच. तेवढं पण तुला दिलं गेलं न्हाई. पोराच्या हातातलं काम काढलंस. बरं, काढलंस. पण सगळ्यांसमोर आणून उभं केलंस, हे मला पटलेलं न्हाई. ते मी तुला वर आल्यावर विचारणार हाय."

मागच्या बाकावर एक पुरुष घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला.

"आता देणाऱ्यांसाठी. रीत हाय म्हणून मागते. ज्यांनी मूठ काढली त्यांच्या घरावर ही पाळी आणू नको." त्या थांबल्या. "आणि आणलीसच, तर त्यांना उभ्यानं घेऊ दे. आमेन."

आमेन म्हणायचं की नाही, हे लोकांना क्षणभर कळेना. सगळ्यात आधी अंबुबाईचा आवाज आला. मग बाकीच्यांचा.

घरी येताना विलासने पिशवी खांद्यावर घेतली. परसूचा ऑटो होता, पण सकवारबाई "चालायचं" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. ओळखीच्या तीन दुकानांवरून रस्ता जात होता. त्या तिन्ही दुकानांसमोरून मान ताठ ठेवून गेल्या. किराणावाल्या शेट्टीने विचारलं, "एनु अक्का, तांदूळ बाहेरून आणला?" तेव्हा "चर्चातनं मिळाला" असं त्यांनी इतकं ठणकावून सांगितलं, की तो काही न विचारता वजनाचा काटा पुसू लागला.

चार वाजले तेव्हा ताटं मांडली गेली. चंदनाने भाताचं झाकण काढलं आणि कालथा घातला.

"हे काय केलंस?" सकवारबाई कडाडल्या. "निम्मा लापशी आणि निम्मा कच्चा! इतक्या वर्षांत साधा भात येईना तुला? पाणी किती घातलंस?"

चंदना उठून पिशवीतला कच्चा तांदूळ ओंजळभर ताटात घेऊन आली आणि सासूसमोर पसरला.

सकवारबाईंनी ताट उजेडाकडे ओढलं. बारीक दाणा होता, त्याच्या शेजारी जाडा. कुठे पांढरा, कुठे लालसर. अर्धवट उकडा. रेशनचा तुकडा. कुणाचा नवा, कुणाचा डब्याच्या तळाशी राहून पिवळा पडलेला. प्रत्येक घरची मूठ वेगळी, आणि प्रत्येक मुठीला वेगळं पाणी, वेगळी आच. एका पातेल्यात तो एकदम शिजणं शक्यच नव्हतं. त्यांनी पिंपातून तो जन्मभर मापून दिला होता. शिजवला कधीच नव्हता.

त्या बोटाने दाणे इकडचे तिकडे करत राहिल्या.

"अंबू हेच खात होती?"

"हेच असणार."

"मग बोलली का न्हाई एवढी वर्षं?"

"कुणाला सांगणार अत्ते?" चंदना म्हणाली. "तुम्हाला?"

सकवारबाईंनी ताट बाजूला सारलं. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी त्या करत. त्या गप्प आहेत हे पाहून विलासने केली, दोन वाक्यांची. चंदनाने भात वाढायला घेतला. गेली कित्येक वर्षं वाढत आली तसा, आधी सासूच्या ताटात, खालचा मऊ भाग बघून.

"तो त्याला घाल," सकवारबाई म्हणाल्या. "मला वरचा."

"वरचा कच्चा आहे अत्ते. तुमचे दात..."

"माझे दात मला ठाऊक हायत."

वरचा भात ताटात आला. त्यावर मेथीची पातळ भाजी. त्यांनी कालवला, घास केला, उजवीकडे चार दाढा शिल्लक होत्या तिकडे सारला आणि चावू लागल्या. दाणे कचकच वाजत होते. शेजारी बसलेल्या दोघांना ऐकू येत होते. राग गेला नव्हता. कपाळावरची शीर तशीच उभी होती. ताट रिकामं व्हायला फार वेळ लागला.

मग त्यांनी ताट चंदनापुढे सरकवलं.

"वाढ," त्या म्हणाल्या.